चौदा पानांचं इंग्रजी

लोक मला विचारतात, शकू, तू कोळ्याची पोर, शाळा पाचवीत सुटली, मग हे असलं जडजड इंग्रजी शिकलीस कुठं? मी सांगते, खुनाच्या निकालात. त्यांना वाटतं मी थट्टा करते. माझ्या नवऱ्याला माझ्या भावानं मारलं, कोर्टानं भावाला जन्मठेप दिली, आणि ती का दिली हे चौदा पानांवर इंग्रजीत टाईप करून माझ्या हातात ठेवलं. अपील करायचं तर साठ दिवसांत करा, म्हणाले. ज्या कागदात माझ्या भावाचं उरलेलं आयुष्य होतं तो कागद मला वाचता येत नव्हता. कान्हानं सात वर्षांत माझा अपमान करायचं काही बाकी ठेवलं नव्हतं, पण एवढा मोठा अपमान त्यालाही जमला नव्हता.

कान्हा माझा नवरा. थळचा तांडेल, म्हणजे होडीचा धनी. माझं माहेर शेजारचंच, नवगाव. थोरला भाऊ चंदर त्याच्याच होडीवर खलाशी होता. भरतीला यायचा, किनाऱ्यावरूनच होडीत चढायचा, मासळी उतरली की नवगावला परत. माझ्या घराची पायरी तो वर्षातून दोनदा चढत असेल. आईबाप लवकर गेले, त्यानंच मला वाढवलं आणि त्यानंच मला कान्हाला दिली. दिली तेव्हा आनंदानं दोन दिवस जेवला नव्हता.

आमच्या दारावर पाकटाची शेपटी टांगलेली असे. पाकट म्हणजे परातीएवढा पसरट मासा, आणि त्याचं शेपूट हातभर लांब, खरखरीत. वाळवलं की त्याचा चाबूक होतो. भात गार लागला की कान्हा ती खाली काढायचा. मासळीला भाव आला नाही की काढायचा. भाव चांगला आला तर बाजारात कुणाशी हसत होतीस म्हणून काढायचा. दारू प्यायला की मारायचा असं मी म्हणणार नाही, दारूला उगाच बदनाम का करायचं? शुद्धीत असतानाच जास्त मारायचा. मारताना तोंडानं मोजायचा, आणि मध्ये मी ओरडले की पुन्हा एकपासून सुरुवात.

सासू नीराबाई वळांना खोबरेल लावायची आणि लावता लावता शपथ घालायची. "तुज्या भावाला कळता कामा न्हाय. एका होडीत वैर आलं का होडी बुडते." मला ते पटायचं, हेच माझं दुखणं. खोल पाण्यात दोन पुरुष, दोघांच्या कमरेला कोयते, आणि मध्ये माझ्या पाठीवरचे वळ. चंदरनं एकदा हातावरचा डाग पाहिला तर मी म्हणाले, कालवं काढताना खडकावरून घसरले. तो म्हणाला, सांभाळून जात जा. आळीतल्या बायकांना सगळं ठाऊक होतं. भिंती कुडाच्या, ऐकू न येऊन जाईल कुठं? पण तांडेलाच्या होडीवर सगळ्यांची चूल पेटायची, म्हणून एकजात गप्प बसल्या होत्या.

छप्पन सालची नारळी पौर्णिमा. आमच्यात त्या दिवशी होडीची पूजा होते, वल्ह्यांची होते, जाळ्यांची होते आणि घरातल्या कोयत्याचीही होते. आदल्या दिवशी त्याला धार लावतात, सकाळी हळदकुंकू लावतात, आणि मग तोच कोयता कमरेला लावून पुरुष किनाऱ्यावर जातात, कारण तिथं आळीभरचे नारळ सोलायचे आणि फोडायचे असतात. समुद्राला वाहायच्या नारळाला मी सोनेरी कागद लावत होते. तो हातातून निसटला, जोत्यावर आपटला, तडकला. तांडेलाच्या घरचा नारळ तडकला म्हणजे वर्ष वाईट. कान्हानं एकही शब्द न बोलता दार लोटलं आणि शेपटी काढली.

चोळी फाटली होती, मी जमिनीवर पालथी होते, आणि तो अकरावर होता तेव्हा चंदर भावोजींना मिरवणुकीला बोलवायला आला. दार ढकलून आत आला. नवा सदरा, कपाळाला कुंकू, चेहरा हसरा. त्यानं माझी पाठ पाहिली. नवे वळ पाहिले आणि खालचे जुनेही पाहिले. मग त्याच्या तोंडून जो आवाज निघाला तो माणसाचा नव्हता.

कोयत्याचा पहिला घाव खांद्यावर बसला. कान्हा वळला आणि हात वर केला, दुसरा त्या हातावर बसला आणि हात मनगटापासून लोंबला. तिसरा मानेत. रक्ताची चिळकांडी कुडापर्यंत गेली, माझ्या तोंडावर आली, तडकलेल्या नारळावर आली. कान्हा पडला तो माझ्या अंगावर. त्याचं वजन मला सात वर्षं ठाऊक होतं, पण एवढा जड तो कधीच लागला नव्हता. चंदरनं त्याला पायानं बाजूला लोटलं, उंबऱ्यावर बसला आणि म्हणाला, "शकू, पानी दे."

मला बरं वाटलं. बायकांनी असं लिहू नये म्हणतात, पण मी लिहून टाकते. मला इतकं बरं वाटलं की मी तांब्या भरताना हसले.

खटला अलिबागच्या कोर्टात चालला. न्यायाधीश देशावरचे होते, चष्मेवाले, सावकाश बोलणारे. आम्ही मराठीत बोलायचं आणि ते इंग्रजीत उतरवून घ्यायचे. सरकारी वकिलानं मला विचारलं, सणाच्या दिवशी बहिणीकडे येताना तुझा भाऊ धार लावलेला कोयता घेऊन का आला? मी ताठ मानेनं सांगितलं, "कोयता पुजलेला होता, साहेब. दादूसनं आदल्या दिशी धार लावली, सकाली कुंकू लावलं, पाया पडला, मंगच कमरेला लावला. देवभोला माणूस हाय तो." मला वाटलं, साहेबांना कळू दे भाऊ किती पापभिरू आहे.

मग त्यानं विचारलं, नवरा मारायचा म्हणतेस, कधीपासून? मी म्हणाले, सात वर्षं, रोज. तो लोकांकडे वळून म्हणाला, "सात वर्षं रोज मार, आणि कुणाला पत्ता नाही! आहे का विश्वास ठेवण्यासारखं?" मागं कुणीतरी फिसकन हसलं. त्या हसण्यानं माझं डोकं भडकलं. मी ओरडले, "सगल्यांना ठावं व्हतं! सगल्या कोलीवाड्याला ठावं व्हतं! माज्या भावाला पन पयल्यापासून ठावं व्हतं!" पिंजऱ्यात चंदरनं एकदम मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, बहीण कशी वकिलाला भिडली म्हणून अभिमानानं पाहतोय.

जन्मठेप. चंदरचं ठरलेलं लग्न मोडलं, त्याला ठाण्याच्या तुरुंगात नेलं. सरकारनं दिलेल्या आमच्या वकिलानं निकालाची नक्कल माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "अपिलात जीव नाही, बाई. साहेबांनी कारणं पक्की दिलीत." मी विचारलं, कुठली कारणं? तो म्हणाला, "तुम्हाला कळायची नाहीत." त्या एका वाक्यानं मला इंग्रजी शिकवलं असं म्हटलं तरी चालेल.

पाचवीत मला एबीसीडी आली होती आणि मांजर, उंदीर, टोपी असले शंभरेक शब्द. तेवढ्या भांडवलावर मी अलिबागला लागून असलेल्या चेंढऱ्याला भागोजी मास्तरांच्या ओटीवर जाऊन बसले. ते खाडीलगतच्या खारेपाटातल्या भातशेतीवाल्यांच्या घरचे, तीस वर्षं इंग्रजी शिकवून घरी बसलेले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळे एक अक्षर दिसत नव्हतं. सकाळी अलिबागच्या बाजारात पाटी रिकामी करायची, मास्तरांसाठी बोंबील नाहीतर मांदेली बाजूला ठेवायची आणि दुपारी त्यांच्यासमोर बसून एकेक अक्षर वाचायचं. ते उच्चार सांगायचे. सोपे शब्द असले तर अर्थही सांगायचे. जड शब्द आला की गप्प.

"अर्थ सांगा की," मी म्हणायचे.

"या शब्दाच्या अलीकडे काय आहे, पलीकडे काय आहे ते वाच. माणूस ओळखायचा तर त्याची संगत बघतात ना? शब्दाचंही तसंच. मी सांगितलेला अर्थ उद्या विसरशील, तू शोधलेला हाडात बसेल."

"मास्तर, माजा भाव थितं तुरुंगात सडतोय नि तुमी मला कोडी घालताव?"

"वकिलासारखा आव आणून चुकीचा अर्थ सांगू का? हे कोर्टाचे शब्द आहेत, पोरी. मलाही सगळे येत नाहीत." मग आवाज खाली आणून म्हणायचे, "वाच."

तर मी संगत बघू लागले. डिसीज्ड हा शब्द एकसष्ट वेळा होता. आधी वाटलं पुढं कान्हाचं नाव येतंय तर हा काही तांडेलासारखा मान असेल. मग पाहिलं, याला मारतात, उचलतात, गाडीत घालतात, डॉक्टर उघडून बघतो, पण हा स्वतः कधी काही बोलत नाही, कुठं जात नाही. मेलेला. अक्यूज्ड म्हणजे माझा भाऊ, हे त्यापुढं सोपंच होतं. आठव्या दिवशी मला दोन माणसं ओळखता आली, एक मेलेला आणि एक मारणारा.

डॉक्टरांच्या पानावर माझं नाव होतं आणि खाली काँट्युजन, काँट्युजन, काँट्युजन, एकाखाली एक. सोबतचे शब्द मास्तरांनी सांगितले होते. पाठ, मांडी, डावा हात. मी ओटीवर बसल्या बसल्या पदराआडून हात घालून चाचपलं. जिथं कागद सांगत होता तिथं बोट ठेवलं की दुखत होतं, महिने उलटले तरी. वळ. मार बसतो पण कातडी फाटत नाही तो. कान्हाच्या नावाखाली मात्र इन्साइज्ड होतं, तीनच वेळा, खांदा, मनगट, मान. कापलेल्या जखमांची ती उघडी तोंडं मी डोळ्यांनी पाहिली होती, तो शब्द मला शोधावा लागला नाही. मास्तर म्हणाले, "शाळेत पोरांना महिनाभर लागतो." मी म्हणाले, पोरांना एवढा मार कुठं बसतो.

नवव्या पानावर मी अडकले. इंग्रजीच्या भाऊगर्दीत एकदम माझे दोन शब्द दिसले, कोयता आणि कुंकू. साहेबांनी ते तसेच इंग्रजी अक्षरांत लिहिले होते. वळणं परकी, पण शब्द माझ्या तोंडचे. आणि त्यांच्या जवळ एक लांबलचक शब्द, प्रिमेडिटेटेड. तो चार ठिकाणी होता आणि चारही ठिकाणी कोयता त्याच्या शेजारी होता. एका ठिकाणी आदला दिवस होता, एका ठिकाणी धार होती, एका ठिकाणी देव होता. मी दोन दिवस ती संगत बघत बसले. तिसऱ्या दिवशी पाटीतली मासळी तशीच ठेवून मास्तरांकडे धावले.

"मास्तर, आदुगर ठरवून केलेलं. तसंच ना? देवापुढं शस्त्र ठेवून, धार लावून, मारायचंच ठरवून आला, असं लिवलंय ना?"

मास्तरांनी मला ती ओळ पुन्हा वाचायला लावली. मग म्हणाले, "तसंच दिसतंय."

मी त्यांच्या अंगणात मोठ्यानं रडले. भाऊ पापभिरू आहे म्हणून मी सांगितलेली पूजा साहेबांना खुनाची तयारी वाटली होती. त्या दिवशी थळपासून रेवदंड्यापर्यंत ज्या ज्या घरात कोळी राहतो त्या प्रत्येक घरातला कोयता कुंकवानं लाल झाला होता. मग काय सगळा किनारा खून करायला निघाला होता? पण साहेब देशावरचे, त्यांना कोण सांगणार? मला वाटलं होतं हे जगाला ठाऊकच असतं. एवढी एक ओळ जोडून बोलले असते तर! रडून झाल्यावर मात्र मला आशा वाटली. रीत सांगता येते, साक्षीला गाव आणता येतो. चूक सापडली की दुरुस्त होते, असं मी तेव्हा समजत होते. सत्तावीस दिवस उरले होते.

मग अकरावं पान आलं. तिथं प्रोव्होकेशन होतं, सोबत शेपटी, माझी पाठ, चंदरचे डोळे. माणसाचं डोकं भडकवणारी गोष्ट. साहेबांनी ते मान्य केलं होतं, ही गोष्ट मोठी होती असंही लिहिलं होतं. माझा जीव भांड्यात पडतो न पडतो तोच पुढची ओळ आली. सडन म्हणजे अचानक, हे मास्तरांनी पूर्वीच सांगितलं होतं, आणि राग अचानक असेल तरच शिक्षा हलकी होते असं वर लिहिलं होतं. इथं लिहिलं होतं, अचानक नाही. आणि का नाही? कारण मार हॅबिच्युअल. त्या शब्दाच्या भोवती रोज होतं, सात वर्षं होतं, सगळा कोळीवाडा होता आणि शेवटी, हे अक्यूज्डला पहिल्यापासून ठाऊक होतं. खाली साक्षीदाराचं नाव होतं. माझं. मी सरळ, भोळी आणि खरं बोलणारी बाई आहे असंही साहेबांनी लिहिलं होतं.

हॅबिच्युअल. रोजचंच, अंगवळणी पडलेलं. ज्याला ठाऊक होतं त्याला सातव्या वर्षी अचानक राग कसा येईल, असं साहेब विचारत होते. त्यांचं काय चुकलं? मीच सांगितलं होतं. मार जेवढा जास्त सांगेन तेवढा भाऊ सुटेल असं मला वाटलं होतं आणि कायद्याचा काटा नेमका उलटा होता. आणि त्यातलं भावाला ठाऊक होतं हे तर धडधडीत खोटं होतं. एका हसण्याला चिडून मी ते बोलले. त्या क्षणी माझ्या जिभेला कुणी डाग दिला असता तर बरं झालं असतं.

वकिलाकडे गेले. मी एकेक शब्द उच्चारून सांगितला तेव्हा तो खुर्चीत सरळ बसला. कोयत्याची रीत अपिलात घालतो म्हणाला. दुसरं ऐकल्यावर मात्र त्यानं रुमाल काढून कपाळ पुसलं. "शपथेवर खोटं बोललात असं लिहून द्याल? उलट तुम्हालाच आत घालतील. आणि तुमच्या एकटीच्या शब्दावर कोण विश्वास ठेवील? भावाला ठाऊक नव्हतं हे दुसरं कुणी सांगणारं आहे?"

होतं. एकच माणूस होतं. माझी सासू.

खून झाल्यापासून मी नवगावला भावाच्या घरी राहत होते, तिथून भर दुपारी थळला गेले. नीराबाई किनाऱ्यावर बांबूच्या दांडीवर बोंबील वाळत घालत होती. पोरगा गेल्यापासून अर्धी झाली होती. मी जवळ गेले, पाया पडले आणि म्हणाले, "आये, तूच मला शपथ घालायचीस, भावाला कळू देऊ नको म्हून. कोर्टात येवढंच सांग. दादूसला ठावं नव्हतं येवढंच."

तिनं दांडीचा बांबू उपसला तो बोंबलांसकट. पहिला फटका डोक्यात बसला, डोळ्यांत रक्त उतरलं. "माजा सोन्यासारका पोर खाल्लंस नि माज्याकडं साक्ष मागतंस, रांडे!" दुसरा पाठीवर. तिसरा मानेवर. बायका धावल्या आणि लांबच उभ्या राहिल्या, त्यांची सवय ती. चौथ्याला मी बांबू धरला. त्यापुढं काय झालं ते मी ठरवलं नव्हतं. सात वर्षं मी हात उचलला नव्हता, आणि एकाएकी म्हातारी वाळूत उताणी पडलेली होती, माझा गुडघा तिच्या छातीवर होता आणि माझे दोन्ही अंगठे तिच्या गळ्यात रुतत होते. तिचे डोळे बाहेर यायला लागले. ते कान्हाचे डोळे होते, मी आणखी दाबलं. सडन म्हणजे काय ते मला तिथं कळलं. मास्तरांच्या ओटीवर मी फक्त शब्द पाठ केला होता.

"मार," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "मार नं. मंग तुजा भाव सुटंल?"

माझे हात सैल पडले. ती कुशीवर वळून खोकत राहिली. मग वाळूतच बसून, माझ्याकडे न बघता बोलली, "त्याला ठावं नव्हतं. मला ठावं हाय त्याला ठावं नव्हतं. पन मी मेले तरी कोर्टात बोलनार न्हाय. माजा एक गेला, तुजा बी जाऊ दे."

मी तिच्या जागी असते तर मीही बोलले नसते. मी उठले, समुद्रात डोकं धुतलं आणि नवगावला चालत आले.

वकिलाला सांगितलं, लिहा. मी खोटं बोलले असं लिहा. त्यानं प्रतिज्ञापत्र इंग्रजीत केलं आणि सही करायच्या आधी मी ते स्वतः वाचलं, बोट ठेवून, शब्द न् शब्द. एका ठिकाणी त्यानं मी गोंधळून बोलले असं घातलं होतं. मी ते काढायला लावलं. गोंधळले नव्हते, चिडले होते. अपील साठाच्या आत दाखल झालं.

वरच्या कोर्टाचा निकाल पुढच्या वर्षी आला, दीड पानाचा. तो मी मास्तरांकडे नेलाच नाही. घराच्या पायरीवर बसून वाचला आणि त्यात मला अडेल असा एकही शब्द नव्हता. कोयत्याची पूजा ही किनाऱ्यावरची सर्वांची रीत आहे, त्यावरून आधी ठरवलं होतं असं म्हणता येत नाही, हे त्यांनी मान्य केलं. तो लांबलचक शब्द माझ्या भावाच्या अंगावरून निघाला. पण बहिणीनं नंतर दिलेला जबाब भावाला वाचवण्यासाठी रचलेला दिसतो, पहिला जबाब तिनं सहज आणि रागाच्या भरात दिला होता, म्हणून तोच खरा. राग अचानक नव्हता. शिक्षा कायम. खोटं बोलले तेव्हा मी भोळी आणि खरी, खरं बोलले तर लबाड. आणि त्या लबाडीबद्दल मला शिक्षा करायची तसदीही कुणी घेतली नाही.

रेवसहून लाँचनं मुंबईला आणि तिथून ठाण्याला गेले. निकाल चंदरला मीच वाचून दाखवणार होते, ते काम दुसऱ्या कुणाचं नव्हतं. मध्ये दुहेरी जाळी, पलीकडे तो. केस कापलेले, खांदे उतरलेले. मी इंग्रजी वाचत गेले आणि ओळीओळीला त्याला मराठीत सांगत गेले. आधी तो हसला. "आयला, शकू, तू तं मडम झालीस," म्हणाला. कोयत्याचं ऐकून त्याला बरं वाटलं. "मी न्हवतं ठरवलं. देवाशप्पत न्हवतं," म्हणाला. मग मी पुढचं वाचलं.

"मंग कशापायी ठेवला मला हितं?" त्यानं विचारलं.

"माज्या बोलन्यापायी, दादूस. तुला पयल्यापासून ठावं व्हतं असं मी बोलले. तुला ठावं असंल तं राग अचानक न्हाय, असा कायदा हाय. मी रोज मार खाल्ला नि तो तुला ठावं असून तू गप रायलास, असं त्यांनी धरलं."

जाळीत बोटं घालून त्यानं ती एवढी आवळली की तार कातडीत गेली आणि रक्त त्याच्या मनगटावरून खाली ओघळू लागलं. शिपाई ओरडला, हात काढ. त्यानं काढले नाहीत. शिपायानं दंडुका त्याच्या बोटांवर हाणला, एकदा, दोनदा. चंदर माझ्याकडेच बघत होता. कोर्टात मान वर करून बघितलं होतं तेच ते बघणं, आणि ते अभिमानाचं नव्हतं हे मला आत्ता दिसलं. कोर्टात मी ओरडले त्या घडीला त्याला पहिल्यांदा कळलं होतं, की सगळ्या गावाला ठाऊक होतं, आणि त्याला एकट्यालाच नव्हतं.

तिसऱ्या दंडुक्याला त्याची बोटं सुटली. त्यानं ती छातीशी धरली आणि हळू, लहानपणी मला समजावायचा त्या आवाजात, विचारलं, "शकू, पयल्या दिशी का न्हाय सांगलंस गो मला?"

पहिल्या दिवशी सांगितलं असतं, तर त्यानं कान्हाच्या दोन मुस्काटात दिल्या असत्या आणि मला हाताला धरून नवगावला आणलं असतं. कुणी मेलं नसतं. मला चौदा पानांतले सगळे शब्द येत होते, वरच्या कोर्टाच्या दीड पानातलेही येत होते. शिपाई वेळ संपली म्हणाला आणि भावाला आत घेऊन गेला, आणि मी निकालाच्या कागदाची घडी घालून ती पदरात बांधली.